खरी आजारी

चौबे कॉलोनी, रायपूर
१० मे

सौ. स्वरदा यांस,

मुलाखतीत आपण मला 'आपण' म्हणालात, म्हणून मीही सुरुवात आपणनेच केली. पण एका वाक्यातच दमले. चौथीपासून जिच्या डब्यातला लाल तिखटाचा भुरका खाल्ला तिला आपण म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा तू. राग मात्र तेवढाच आहे, तो उतरला असं समजू नकोस.

तुझ्या नावाची ईमेल मिळाली. 'संगनमताने, आजाराचं खोटं कारण देऊन' कामावर न आल्याबद्दल मला नोकरीवरून काढलं आहे, असं तू कळवलं आहेस. काढलेल्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर. वाचून हसावं की रडावं ते समजेना, कारण बाई, मी खरोखरच आजारी आहे. कावीळ झाली आहे. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे दिसतात. आईने पुरानी बस्तीतल्या झाडपाला देणाऱ्या बैगाकडून काविळीची माळ आणून गळ्यात घातली आहे. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. काड्या वाळून दोरा सैल होतो, एवढं मला समजतं, पण आईशी वाद घालायला अंगात जोर नाही. डॉक्टरांची औषधं चालू आहेत, माळही चालू आहे.

झालं ते असं. सुट्टीला हैदराबादहून रायपूरला आले ती तापातच. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि दवाखान्यातच ठेवून घेतलं. सलाईन लागायच्या आधी मी एकच काम केलं, पुढच्या ड्यूटीसाठी कंपनीच्या अॅपवर सिक, म्हणजे आजारपणाची रजा, टाकली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. लोक मावसबहिणीच्या लग्नाला सिक टाकतात, क्रिकेटच्या सामन्याला टाकतात. मी बाबांच्या वर्षश्राद्धाला रजा मिळाली नाही तेव्हा मुकाट्याने ड्यूटीवर गेले होते, आणि तू मला वेडी म्हणाली होतीस. आठवतं ना? त्यानंतर आईने माझा फोन बंद करून कपाटात टाकला. तो पुन्हा हातात आला तेव्हा हैदराबादच्या बेसवरचा सगळा क्रू आजारी पडला होता, विमानं जागच्या जागी उभी होती आणि माझी नोकरी गेली होती.

त्या ठरवाठरवीतलं मला काहीही ठाऊक नव्हतं. लोक चिडलेले होते हे ठाऊक होतं, मीही चिडले होते. दोन कंपन्या एक झाल्या, नवे मालक आले, ठरलेले उड्डाणाचे तास कमी केले, म्हणजे पगारच कापला. वर विमान रिकामं झालं की केबिन आम्हीच झाडायची, आणि उड्डाण नसेल त्या दिवशी विमानतळावर काउंटरला उभं राहायचं. मी सांभाळत होते त्या केबिन इन-चार्जच्या जागेसाठी सगळ्यांच्या पुन्हा मुलाखती. माझी तू घेतलीस. 'दारू पिऊन आलेला प्रवासी आपण कसा हाताळाल?' असं तू मला विचारलंस. मला! तू ऑफिसात जायच्या आधी, आपण दोघी क्रूत होतो तेव्हा, नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात तुझी ओढणी धरणाऱ्या माणसाला बखोट धरून जागेवर कोणी बसवलं होतं? मुलाखतीत मी पास झाले असं पत्र आलं आणि त्याच पत्रात साध्या क्रूची जागा देत असल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून मी तुझा फोन घेतला नाही. घेणारही नव्हते.

पण संप, मोर्चा, खोटी सिक, हे माझं काम नव्हे. भांडायचं तर तोंडावर भांडेन. ब्लड रिपोर्ट आहे माझ्याकडे. तो मी सोबत जोडत नाही. आधी तुला माझ्या शब्दावर विश्वास आहे का ते सांग, मग रिपोर्ट.

हे पोस्टाने आणि तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण व्हॉट्सअॅपवरचं सगळं तुमच्या ऑफिसात पोचतं असं म्हणतात. पत्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

ऋता


१७ मे

स्वरदा,

आईच्या फोनवर तू फोन केलास आणि कंपनीचं काही बोलायच्या आधी 'जेवण जातंय का' असं विचारलंस. फोन ठेवल्यावर मी रडले. तुला कळावं म्हणून सांगत नाही, पण झालं तसं सांगते.

पहिल्या ओळीलाच विश्वास बसला असं तू म्हणालीस. रिपोर्ट पाठव, मी स्वतः वर नेते, इन-चार्जची जागा आणि जुना पगार दोन्ही मिळवून देते, तू खरी आजारी होतीस तर तुला कोणी हात लावू शकत नाही, असंही म्हणालीस. मी उद्या पाठवते म्हटलं. आई इतकी खूश झाली की तिने इथल्याच तात्यापाऱ्यातल्या तुझ्या माहेरी जाऊन तुझ्या आईला पेढे द्यायचं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गौतम आला. आपल्या बेसचा गौतम, इथल्या जवळच्या सिलतऱ्याचा, ज्याचे वडील स्पंज आयर्नच्या कारखान्यात होते. नोकरी गेल्यावर तो घरी परतला आहे. बरोबर राधिकाला घेऊन आला. ती बिलासपूरची, तीन वर्षांची नोकरी, तिलाही तुझी ईमेल आली आहे. त्यांनी खालून फोन केला आणि मी काय केलं असेल? लिपस्टिक लावली. काळा चष्मा चढवला, माळ ओढणीखाली लपवली. चौदा वर्षं गबाळ्या तोंडाने कोणाच्या पुढे गेले नाही, आता हळदीचे डोळे घेऊन कशी जाऊ? डोळे आलेत, जवळ येऊ नका, असं सांगितलं. फक्त मिरवण्यापुरतं खोटं होतं ते, दुसरं काही मनात नव्हतं.

राधिका आत आली आणि माझ्या पाया पडली. मी मागे सरकले तर म्हणाली, "दीदी, हम लोग तो डर रहे थे. रात को आपके नाम के आगे सिक देखा, तब लगा कि अब नहीं डरना."

मला आधी कळलंच नाही. गौतमने सांगितलं तेव्हा कळलं. तो कितीतरी दिवस सगळ्यांना समजावत होता की एकाच रात्री सगळ्यांनी सिक टाकू, तेव्हाच कंपनी बोलायला बसेल. कोणी तयार होत नव्हतं. पोरापोरींची नवी नोकरी, घरचे हप्ते, प्रत्येकाने काही ना काही कारण सांगून हात वर केले. आणि त्या संध्याकाळी रोस्टरवर माझ्या नावापुढे सिक दिसलं. जी ऋता कधी सिक टाकत नाही, तिने टाकली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. रात्रीतून सगळे आजारी.

"तुम्ही एक शब्द न बोलता करून दाखवलं, दीदी," गौतम म्हणाला. "मी नुसताच बोलून राहिलो होतो."

त्या वेळी मला फक्त चष्मा काढायचा होता. एवढंच. हातही वर गेला. केस सारखे करून खाली आला.

आई पाणी घेऊन आली, तिने तोंड उघडलं, मी म्हटलं, आई, चहा टाक. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग टाकला.

ते गेल्यापासून मी विचार करते आहे. त्या सगळ्यांची हिंमत माझ्या काविळीवर उभी आहे, स्वरदा. मी आता रिपोर्ट दाखवला तर मी माझ्या जागेवर परत जाईन, आणि त्यांना कळेल की आपण एका आजारी बाईच्या मागे गेलो आणि नोकरी घालवून बसलो. गौतमच्या तोंडावर कोण थुंकेल ते वेगळंच. आणि नाही दाखवला तर जे काम मला येतं, जे मी सोडून दुसरं काही शिकले नाही, ते जाईल. हे मी मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. मला ती जागा हवी आहे. दार लावून झाल्यावर सगळ्या केबिनवरून एकदा नजर फिरवायची आणि कॉकपिटला 'तयार' सांगायचं, त्या घटकेला ते सगळं विमान माझं असतं. ते मला परत हवं आहे.

रिपोर्ट पाठवत नाही अजून. थांब थोडी.

ऋता


२६ मे

स्वरदा,

तुझ्याकडे रिपोर्ट पोचला आहे हे मला काल रात्री जेवताना कळलं. आईनेच सांगितलं, पोळी वाढता वाढता, दूधवाल्याचे पैसे दिले अशा आवाजात. मी झोपलेली असताना तिने कपाटातून काढून त्याचा फोटो तुला पाठवला. तूही पोचल्याचं तिला कळवलंस, मला नाही.

मी ताटावरून उठायला लागले. तिने उठू दिलं नाही. खूप बोललो आम्ही. शेजारच्यांनी कूलरच्या आवाजातूनही ऐकलं असेल. तिचं म्हणणं सोपं आहे.

"खरं सांगाले लाज कायची?" ती म्हणाली. "तू चोरी केली का? तू आजारी होती, तर होती. त्या पोट्ट्यांनी तुझं नाव पाहून उडी मारली, त्यांनी तुले विचारलं होतं का? मले समजून राहिलं नाही, तू काहून लपून राहिली."

त्यांनी विचारलं नव्हतं हे खरं आहे. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं हेही खरं आहे. हिशेबाने पाहिलं तर मी त्यांचं काही देणं लागत नाही. पण मी हिशेबाने बघू शकत नाही. राधिका पाया पडली ना, तिचे हात गार होते. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन आणि पोरीचे हात गार. ती अजून घाबरलेलीच आहे, फक्त मी पुढे आहे असं समजून उभी आहे. मी बाजूला झाले की ती पडेल.

आणखी एक सांगते, हे मी आईलाही सांगितलं नाही. मला वाईट याचंही वाटतं की मी त्यांच्या बरोबर खरोखर का नव्हते. गौतमने मला विचारलं असतं तर मी नाकाने कांदे सोलले असते, खोटी सिक टाकणं आपल्यात बसत नाही म्हणाले असते. आणि त्याच वेळी साध्या क्रूचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होते, कोणाला न दाखवता. एवढा अपमान गिळला आणि कोणाला कळू दिला नाही, त्याला मी शिस्त म्हणत होते. ही पोरं माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

आता मुद्द्याचं. तडजोड होणार असं गौतमने कळवलं आहे. कामगार आयुक्तांकडे दिल्लीत बैठक आहे. कंपनी सगळ्यांना परत घ्यायला तयार आहे, पण प्रत्येकाने लिहून द्यायचं की मी आजारी नव्हतो, आजाराचं खोटं कारण दिलं, त्याचा खेद आहे. ते कागद प्रत्येकाच्या नोंदीत कायम राहणार. उड्डाणाचे तास थोडे वाढवून देणार आणि काउंटरची ड्यूटी रद्द करणार, हे या सगळ्यातून मिळालं. केबिन झाडायची ती झाडायचीच. इन-चार्जचा विषय बंद.

म्हणजे मला त्यांच्याबरोबर परत यायचं असेल तर मी आजारी नव्हते असं सही करून द्यायचं. अख्ख्या बेसमध्ये एकटी मीच खरी आजारी होते. आरशात बघते तर आता डोळे जवळजवळ पांढरे झाले आहेत. माळ बेंबीपर्यंत आली, आई खूश आहे.

मी सही करणार आहे. म्हणून तुझ्यापाशी मागते आहे, तो रिपोर्ट पुढे ठेवू नकोस. तुझ्या नोकरीच्या दृष्टीने हे बरोबर नाही हे मला समजतं. पहिल्या दिवसापासून तू खरं ते करायला निघालीस आणि आता मीच तुला खोटं करायला सांगते आहे. तू नाही म्हणालीस तर तुझ्यावर रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तो राग खरा नसेल.

फोन करू नकोस. फोनवर तू मला समजावशील आणि मी ऐकेन.

ऋता


१४ जून

प्रिय स्वरदा,

काल सह्या करून दिल्लीहून परत आले. परवा हैदराबादला जायचं आहे, बॅग अर्धी भरून ठेवली आहे. डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलं आहे.

त्या दिवशी तुला टेबलाच्या पलीकडे बघितलं तेव्हा तुझं उत्तर काय हे मला माहीत नव्हतं. तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, फोनही केला नाहीस. मीच सांगितलं होतं, तरी मनातून वाट बघत होते. तू एकेकाचं नाव घेत होतीस, कागद पुढे सरकवत होतीस, तो सही होऊन परत येत होता. राधिकाने सही करताना माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग माझं नाव आलं आणि तुझ्या शेजारचे भार्गवसाहेब फाइल उलटून म्हणाले, "इनका मेडिकल का कुछ था ना?"

 मागे सगळी पोरं उभी होती. मला वाटलं, संपलं, तू पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कानावर घातलं असणार. घातलंही असशील, त्यात तुझं काही चुकलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि सगळ्यांच्या देखत मराठीत विचारलंस, "ऋता, तू आजारी होतीस का?"

एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं सरळ काही विचारलं नसेल. खरं सांगायची ती शेवटची संधी होती आणि तू ती मला दिलीस, माझ्यासाठी बंद केली नाहीस, हे मला नंतर विमानात बसल्यावर कळलं. मी 'नाही' म्हटलं. तू साहेबांना म्हणालीस, "नहीं सर, कुछ नहीं आया," आणि कागद पुढे केलास.  माझी सही नेहमीसारखी आली नाही.

बाहेर आल्यावर पोरांनी मला घेरलं, फोटो काढले. गौतम म्हणाला, "दीदी, आता तुम्हीच आमच्या नेत्या." मी म्हटलं, आधी केबिन नीट झाडायला शिका. ते हसले. मी त्यांना काही सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही. ते जेव्हा जेव्हा 'तुमच्यामुळे' म्हणतात तेव्हा मला चोरासारखं होतं, आणि ते मला आता सोसायलाच हवं. यापुढे मात्र काही ठरलं तर त्यात मी जागेपणी असेन. एवढं मी माझ्याशी ठरवलं आहे.

परवापासून मी मागच्या गॅलीत, चहा-जेवणाच्या ट्रॉल्यांपाशी. दार लावल्यावर 'तयार' दुसरं कोणीतरी सांगेल. त्याचं दुःख आहे. ते नाही असं तुला तरी लिहिणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. आईने मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, काय झालं. मी म्हटलं, परत घेतलं, साध्या क्रूमध्ये. आणि रिपोर्ट? मी बॅग आत ठेवायला गेले. तिने तिच्या मनाने अर्थ लावला. तू रिपोर्ट दाबलास, मुलाखतीपासूनचा दावा साधलास, असं तिच्या डोक्यात बसलं. "माझ्या हातची भाजी-भाकर खाऊन मोठी झाली अन् घरचाच घात केला," म्हणाली. तुझ्या आईला पेढे दिले ते परत मागायला निघाली होती. मी तिला थांबवलं, पण खरं सांगितलं नाही. रात्र तशीच गेली. तुझ्यावर खापर फुटत होतं आणि ते मला सोयीचं होतं, स्वरदा. लाज वाटली, पण सोयीचं होतं.

आज सकाळी ती तुला फोन लावायला बसली, चांगली झाडते तिला म्हणत. तेव्हा मी तिच्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगितलं. मीच तुला पत्र लिहून मागितलं, तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, मी नाही म्हटलं, आणि माझ्यासाठी तू तुझ्या साहेबांशी खोटं बोललीस, उद्या कळलं तर तुझी नोकरी जाईल.

ती मेथी निवडत होती, तीच निवडत राहिली. मग विचारलं, हे तुझ्या नावावर कायमचं राहीन का, खोटी सिक टाकली म्हणून? मी हो म्हटलं. त्या पोरांना कधीच कळणार नाही? नाही म्हटलं. म्हणजे आपल्या तिघींशिवाय कोणालेच माहीत नाही? नाही, आई.

तिने मेथीची जुडी संपवली, काड्या कागदात गुंडाळल्या आणि उठता उठता म्हणाली, "बोलव तिले घरी. बाहेर जे बोलायचं ते बोलल्या तुम्ही. निदान इथं तरी तिघी बसून खरं बोलू."

तर ये. मी नसले तरी ये. ती आधी तुझ्यावर रागावेल, मग जेवायला वाढेल.

तुझी,
ऋता